कडं मारलेली झाडं

उत्तरेचा वारा सुटला आणि वालसँ तेरियोने दुसऱ्याच दिवशी डुक्कर कापायचं ठरवलं. थंडी पडल्याशिवाय मांस टिकत नाही, म्हणून त्या कामाचा दिवस कोणी ठरवत नसे, वाराच ठरवी. बायू कोर्तेन या संथ ओढ्याच्या काठावर ज्यांची घरं होती ते सगळे त्या दिवशी तेरियोंच्या धक्क्याला होड्या लावत, हात लावत, आणि जाताना प्रत्येकाच्या होडीत पानात गुंडाळलेला वाटा असे. मुलांना कढईतले गरम कुरकुरीत तुकडे मिळत, बायकांना गप्पा मिळत. त्याच्या मुलीला, अझेलीला, लहानपणापासून वर्षातला हाच दिवस सर्वांत आवडायचा. या वेळी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या भावाने, ओझेमने, निरोप पाठवला होता, की तो येतोय आणि मागच्या जंगलाचं काय ते आज बोलून टाकायचंय.

मागचं जंगल म्हणजे घराच्या पाठीमागे, दलदलीत उभे असलेले सायप्रस वृक्ष. वालसँच्या बापाला ते मिळाले तेव्हा साऱ्या खोऱ्यात तसलेच सायप्रस होते, आणि तीन माणसांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडत नसे. मग लाकूड चिरायची मिल आली. शेजाऱ्यांनी एकामागून एक आपापली दलदल मिलला विकली, आणि आता मैलोन्‌मैल नुसती थोटकं पाण्यातून डोकी वर काढून उभी होती. वालसँने विकलं नाही. वादळाने एखादं झाड पाडलं तर तेवढंच घरी आणायचं, त्याच्या होड्या कोरायच्या, आणि उरलेल्यांना हात लावायचा नाही, असा त्याचा नेम. त्या झाडांच्या पोकळ्यांत मधमाश्या होत्या, फांद्यांवरून करड्या दाढ्यांसारखं शेवाळ लोंबत असे. अझेली लांब काठीने ते शेवाळ ओढून काढी, कुजवून, वाळवून, गाद्या भरणाऱ्यांना विके. तिचं लग्न झालं नाही. झाडांखालच्या पाण्यात मासे आणि शेवाळाची काठी, एवढ्यावर तिचं निभत होतं, आणि तिला त्याचं दुःख नव्हतं.

ओझेम आला तो दुपारच्या आत. थोरला. पोरवयात मिलच्या कुऱ्हाडवाल्यांत सामील झाला तेव्हापासून बाप त्याला नावाने हाक मारत नसे.

"कंपनी आली का?" शेकोटीपाशी बसलेल्या वालसँने विचारलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड, अंधार, पुढ्यात कोणी उभं आहे, इतकंच कळे. पण ओझेमची पावलं तो अचूक ओळखायचा.

"आली, पापा," ओझेम म्हणाला, आणि बाही सारून कढईशी बसला.

धाकटा क्लेबेर सकाळपासून सुरी घेऊन राबत होता. बापाच्या घरातच राहणारा, बापाच्या हाताखाली होड्या कोरायला शिकलेला, म्हातारा कण्हला तर रात्री उठून पाणी देणारा. बापाचे डोळे गेल्यापासून होड्यांचं सगळं काम तोच करी आणि लोकांना सांगे, पापांनी केली. अझेलीचा त्याच्यावर फार जीव. त्याची बायको नोएमी पुराच्या बांधापलीकडच्या गावातली, कोरड्या जमिनीवर वाढलेली. दोन उन्हाळ्यांपूर्वी तापाच्या साथीत तिचा मुलगा आणि अंगावरचं बाळ एकाच आठवड्यात गेलं होतं. आता एवी नावाची एक मुलगी तेवढी उरली होती. नोएमी त्या दिवशी धुण्याच्या फळीशी आतडी उलटी करून खरवडत बसली होती, आणि कोणाशी काही बोलत नव्हती. अझेलीने दोनदा तिला कॉफी नेऊन दिली. दोन्ही वेळा ती तशीच गार झाली.

शेजारी आपापले वाटे घेऊन गेल्यावर घरचे तेवढे जेवायला बसले. भात होता, आतड्यात भात-मांस भरून केलेलं ताजं बुदँ होतं. वालसँला पहिला घास घेऊ दिला आणि मग ओझेमने विषय काढला.

त्याने नीट मांडलं, हे अझेलीला नंतरही कबूल करावं लागलं. मिल या वसंतात शेवटचं लाकूड चिरणार होती. खोऱ्यात चिरण्याजोगं उरलंच नव्हतं, तेव्हा यंत्रं उचलून ती दुसऱ्या राज्यात जाणार होती. त्यानंतर हे लाकूड घेणारा कोणी राहणार नाही. शिवाय मिल गेली की तिचे पहारेही जातील, मग चोर येतील, आणि आंधळ्या माणसाच्या जंगलात कोण कुऱ्हाड चालवतंय हे बघायला कोण बसणार? अर्धी तरी झाडं द्यावीत असं त्याचं म्हणणं. क्लेबेरला बांधापलीकडे घर होईल. अझेलीला म्हातारपणी आधार होईल.

वालसँ शांतपणे चघळत होता. मग म्हणाला, "माझ्या बापाने मला सांगितलं होतं, यातलं एक झाड विकलंस की बाकीची तुझी राहणार नाहीत. मला तेव्हा कळलं नव्हतं. आता सगळीकडची थोटकं बघून कळलं." तो थांबला. "बघून म्हणजे, जेव्हा दिसत होतं तेव्हा."

"पापा, थोटकं आपण केली नाहीत."

"तू केलीस. पगार घेऊन केलीस."

वालसँने मग एकेकाला विचारलं. अझेली म्हणाली, मी पापांच्या बाजूने आहे, आणि तिला ते म्हणताना बरं वाटलं. ओझेम वर्षातून दोनदा येऊन घरच्या गोष्टींत शहाणपण शिकवतो याचा तिला मनातून राग होता. मग क्लेबेरला विचारलं. तो ताटातल्या भाताकडे बघत बसला होता. तसाच म्हणाला, "पापा म्हणतील तसं."

"पापा म्हणतात, राहू दे."

"मग राहू दे."

ओझेमने दोघांकडे बघितलं आणि हात वर केले. ठीक आहे, म्हणाला, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. आणि खरंच मोकळा हसला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने चाचपडत क्लेबेरचा खांदा शोधला, त्यावर हात ठेवला आणि सांगितलं की, माझ्यामागे जंगल तिघांचंच राहील, पण राखणारा क्लेबेर. त्याच्या डोळ्यांदेखत कोणी सालीलाही नख लावणार नाही याची मला खात्री आहे.

तेवढ्यात नोएमी हसली. मोठ्याने नाही, घशातून एकदाच आवाज आला आणि ती उठून मागे निघून गेली. क्लेबेरने मान वर केली नाही.

अझेली तिच्या मागोमाग गेली. नोएमी फळीशी उभी होती, हातात काही काम नव्हतं.

"काय झालं तुला?" अझेलीने विचारलं. "म्हातारा माणूस आहे. दोन घटका सुखाने जेवू दे की."

"जेवू दे," नोएमी म्हणाली. "मी कुठे अडवलं? तुम्ही सगळे इतकं भांडलात, शिवाय एकमेकांना माफसुद्धा केलंत. मला हसू आलं."

"कशाचं?"

"जाऊन बघून ये तुझं जंगल. मला काही विचारू नकोस. मी त्याला असलं काही करायला सांगितलेलं नाही, एवढं मात्र लक्षात ठेव."

काहीतरी घडून गेलंय हे अझेलीला कळलं. पण तिच्या मनाने जो माणूस पकडला तो भलताच. ती सरळ धक्क्यावर गेली. तिथे ओझेम होडीत आपला वाटा ठेवत होता. ती होडीत चढली आणि म्हणाली, मला मागे घेऊन चल. त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, तू आधीच तुझी माणसं आणून काहीतरी करून ठेवलंयस आणि आज आमची परवानगी मागायचं नाटक केलंस. नसेल तसं, तर चल दाखव. ओझेम तिच्याकडे बघतच राहिला. त्याने वल्हं उचललं.

हिवाळ्यात सायप्रसची पानं झडतात. करडे, उघडे बुंधे, वर करडं शेवाळ, खाली काळं पाणी. दुरून बघितलं तर जंगल होतं तसंच होतं, आणि अझेलीला स्वतःची लाज वाटू लागली. मग होडी पहिल्या झाडाशी गेली.

कमरेच्या वर, बुंध्याच्या चारी बाजूंनी, हातभर रुंदीचं कडं काढलेलं होतं. साल गेली होती, सालीखालचं पांढरं लाकूड गेलं होतं, आणि आतलं लालसर उघडं पडलं होतं. ढलप्या पाण्यावर तरंगत, पाण्यातून वर आलेल्या मुळांच्या गुडघ्यांना अडकून होत्या. पुढच्या झाडाला तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

सायप्रस ओला तोडला तर दगडासारखा बुडतो. म्हणून हिवाळ्याच्या आधी त्याला असं कडं मारतात. झाड उभ्या उभ्या मरतं, वाळतं, आणि वसंतात पाणी चढलं की तोडून तरंगवत न्यायचं. हे अझेलीलाही माहीत होतं, खोऱ्यातल्या पोराटोराला माहीत होतं. कडं मारलेलं झाड परत जगत नाही, हेही.

ओझेमने होडी थांबवली होती. त्याने हात लांब करून खाचेत घातला, आतून फिरवला, आणि हात मांडीवर घेऊन बसला.

"मी नाही," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"आमच्या लोकांनी केलं असतं तर इतकं नीट सजवलं नसतं. हा काठ तासून गुळगुळीत केलाय बघ. होडीचा काठ करतात तसा."

अझेलीला रडू आलं नाही. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी म्हणायला हवं, ओझेमची माफी मागायला हवी. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आत्ता तासाभरापूर्वी पापांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो भात चिवडत बसला.

परतताना वळणावर क्लेबेर दिसला. आपल्या होडीत उभा होता, वल्हं चिखलात रोवून. पळून जायचं असतं तर जागा बरीच होती. ओझेमने होडी त्याच्या होडीला लावली. तिघं भावंडं तशी काठाला काठ लावून लहानपणी मासे धरायला बसत.

"कधी?" ओझेमने विचारलं.

"संतांच्या सणानंतर. रोज थोडी थोडी."

"सगळी?"

"दूरची काही लहान आहेत. ती सोडली."

"अरे, पण आज तू टेबलाशी—" अझेली म्हणाली आणि तिला पुढे बोलता येईना.

क्लेबेरने सांगितलं ते तुटक तुटक, त्या दोघांकडे न बघता. सणाला तो आणि नोएमी मुलांच्या थडग्यांना चुना लावायला उंचवट्यावर गेली होती. पाणी आदल्या वर्षी त्यावरून जाऊन आलं होतं, आणि धाकट्याचा क्रूस सापडला नाही. शोध शोध शोधला. नोएमी चिखलात हातांनी उकरत बसली. मग उठून म्हणाली, उन्हाळ्याच्या आत मी एवीला घेऊन बांधापलीकडे जाणार, तू ये नाहीतर राहा.

"मग पापांना सांगायचं ना," ओझेम म्हणाला. "आज मी तोंड फाडून तेच मागत होतो. तुझ्यासाठीच मागत होतो."

"ते नाही म्हणाले असते."

"म्हणालेच. मग? भांडायचं!"

"तुला येतं भांडता." क्लेबेरने पहिल्यांदा मान वर केली. "मला त्यांच्यासमोर नाही म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. मला वाटलं, एकदा झाडं मेली की विचारायचं काही राहणारच नाही. मग तेही हो म्हणतील, दुसरं काय म्हणणार?"

अझेलीला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

अखेर ओझेमच बोलला, आणि तो बोलू लागला तसं अझेलीला जाणवलं की इतकी वर्षं ज्याला परका मानलं त्याच्याच तोंडाकडे आपण दोघं बघतोय. झाडं तर गेली, तो म्हणाला. आता निदान लाकूड वाया जाऊ द्यायचं नाही. पाणी चढलं की मी माझी सुट्टी घेऊन येतो, दोघं मिळून तोडू, मिल बंद व्हायच्या आत तराफे बांधून पोचवू. पापांना तोवर सांगायचं नाही. घर झालं, नोएमी मार्गी लागली, की मग तिघांनी मिळून सांगू. अझेली म्हणाली, आजच सांगू. ओझेम म्हणाला, आज सांगितलंस तर जंगलही गेलं आणि मुलगाही गेला असं होईल. थांब थोडी.

ती थांबली. पापांच्या बाजूने आहे म्हणणारी अझेली त्या संध्याकाळी घरी आली आणि पापांच्या पायांना नेहमीसारखं तेल लावलं. त्यांनी विचारलं, कुठे गेली होतीस गं. ती म्हणाली, ओझेमला सोडायला.

मग सगळ्यांनी पाण्याची वाट बघितली.

दर वर्षी हिवाळा सरता सरता नदी फुगे, बायू भरून वाहू लागे, आणि बघता बघता मागच्या दलदलीत माणूस बुडेल इतकं पाणी होई. बायकामुलं त्याला कंटाळत, साप घरात येत. त्या साली कोणी कंटाळलं नाही. क्लेबेर रोज सकाळी धक्क्याच्या खांबावर खूण बघायला जाई. आधी तो येऊन सांगे, मग सांगेनासा झाला. वर उत्तरेत बर्फच पडला नाही म्हणत, कोणी म्हणे बायूचं वरचं तोंड गाळाने बुजलं. कारण काही असो, पाणी आलं नाही. होतं तेही ओसरू लागलं. डबक्यांत मासे पालथे पडले आणि बगळे इतके जमले की झाडं पांढरी दिसू लागली. झिंगे चिखलात खोल खोल गेले. अझेलीला शेवाळ काढायला होडी ओढत न्यावी लागे. ती वर बघायचं टाळी.

मिलचा शेवटचा तराफा बायूच्या मोठ्या पात्रातून गेला तेव्हा ओझेम येऊन बघून गेला. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने एका झाडावर थाप मारली. तो म्हणाला, एवढं लाकूड इथून बाहेर काढायला यंत्र लागेल. यंत्र होतं, ते गेलं.

नोएमीला क्लेबेरने सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं," आणि एवीचे केस विंचरत राहिली.

ईस्टरला ओझेम पुन्हा आला. एवी रंगवलेली अंडी घेऊन सगळ्यांच्या मागे लागली होती. अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. वालसँचं अंडं फुटेना. त्याने एवीला हरवलं, अझेलीला हरवलं, आणि खूश होऊन म्हणाला, "मला मागे घेऊन चला. पालवी फुटली असेल."

क्लेबेर म्हणाला, पाणी नाही पापा, होडी जाणार नाही.

"मग चालेन. पाय गेलेले नाहीत माझे."

त्याला अडवायला कारणं शोधली, ऊन आहे, साप आहेत, चिखल आहे. त्याने काठी घेतली आणि निघालाच. एका बाजूला क्लेबेर, दुसऱ्या बाजूला अझेली, मागे ओझेम. वाटेत विलोच्या झाडांना पालवी होती, ॲशच्या झाडांना होती, एकट्यादुकट्या कोवळ्या सायप्रसलाही पिसासारखी हिरवी पानं आली होती. वालसँला तेवढं कळत होतं. हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला की तो मान वर करी. जंगलाच्या तोंडाशी आल्यावर उजेड एकदम पांढरा झाला. तो थांबला. वर बघितलं. इकडे तिकडे बघितलं.

"इथे ऊन कसं?" तो म्हणाला.

तो हात पुढे करून चालू लागला आणि त्याचा हात पहिल्या बुंध्याला लागला. साल चाचपत खाली आला. मग बोटं खाचेत गेली.

त्याने ते कडं पूर्ण फिरून चाचपलं, एका हाताने झाड धरून, चिखलातून पाय उपसत. अझेलीला वाटलं हे संपणारच नाही. मग तो पुढच्या झाडाकडे गेला. तिसऱ्यापाशी तो टेकला.

"सगळी?"

"सगळी, पापा," ओझेम म्हणाला.

म्हातारा आवाजाच्या दिशेने वळला. "मी नाही म्हणालो. सगळे नाही म्हणाले. तूच म्हणालास, विषय काढणार नाही." त्याचा आवाज वर गेला नव्हता. "बोलून झाल्यावर केलंस की आधीच केलं होतंस?"

ओझेमने क्लेबेरकडे बघितलं. क्लेबेर हातभर अंतरावर होता. त्याचे ओठ हलले असं अझेलीला वाटलं. ती वाट बघत राहिली. तिने आयुष्यात कशाची इतकी वाट बघितली नव्हती. क्लेबेरने मान खाली घातली. मग ती स्वतः पुढे झाली, "पापा," म्हणाली, आणि ओझेमने तिचा दंड इतक्या जोरात धरला की पुढे कित्येक दिवस तिथे काळं होतं.

"आधीच, पापा," तो म्हणाला.

वालसँने मान हलवली. जणू एखादा हिशोब जुळला. "माझ्या धक्क्याला यापुढे होडी लावू नकोस," तो म्हणाला. मग हात पसरला. "क्लेबेर. चल घरी."

आणि क्लेबेरने त्याला आधार दिला आणि घरी नेलं.

अझेली तिथेच राहिली. तिने ओझेमला विचारलं, हे का केलंस. तो बुटाचा चिखल काठीने खरवडत होता. म्हणाला, "मला ते आधीच चोर समजत होते. त्यात फार काही बदललं नाही. पण ज्याच्या हातून ते जेवतात तो चोर निघाला, तर जेवतील का?"

"हे खोटं आहे, ओझेम."

"आहे. तू मोडणार आहेस का?"

तिने मोडलं नाही. रोज मोडायचं ठरवी. म्हातारा क्लेबेरची स्तुती करी तेव्हा, रात्री प्रार्थनेत दोनच मुलांची नावं घेई तेव्हा. क्लेबेर त्या काळात घरात असून नसल्यासारखा झाला. जेवताना ताट घेऊन बाहेर जाई. हाताला काम नव्हतं. होडी कोरायला लाकूड नव्हतं, कारण मेलेल्या झाडांना कुऱ्हाड लावायची त्याला हिंमत होत नव्हती. उन्हाळा लागायच्या आत नोएमीने एवीला होडीत बसवलं, गाठोडी ठेवली, आणि क्लेबेर गेला. जाताना बापाच्या पायाशी बसून रडला. बापाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, तुझा दोष नाही, पोरा. ज्याने जंगल मारलं त्याने तुझं पोट मारलं.

अझेली दारात उभी होती. तिला वाटलं, आता हा सांगेल. क्लेबेर उठला, डोळे पुसले आणि होडीत जाऊन बसला. ज्या घरासाठी झाडं मारली ते घर झालंच नव्हतं. बांधापलीकडे तो एका गोठ्यात मजुरीला लागला असं पुढे कळलं.

ओझेम मिलच्या मागे दुसऱ्या राज्यात गेला. कुठल्या, ते नक्की कोणी सांगितलं नाही.

पुढच्या वसंतात पाणी आलं. असं आलं की धक्का बुडाला, घराच्या खांबांवर चढलं, आणि मागच्या जंगलात कड्यांच्याही वर हातभर उभं राहिलं. अझेली होडी घेऊन आत गेली. झाडं पूर्ण वाळली होती, काठीने ठोकलं तर पोकळ टणत्कार होई. पुठ्ठ्यासारखी साल सुटून पाण्यावर पडत होती. मधमाश्या कधीच निघून गेल्या होत्या. तोडायला याहून चांगला दिवस मिळाला नसता, आणि तोडणारं कोणी नव्हतं, घेणारं कोणी नव्हतं. शेवाळ अजून होतं, तेवढं तिने काढलं.

घरी आली तेव्हा वालसँ टेबलाशी बसून होता.

"मागे किती आलंय पाणी?"

"खूप आलंय, पापा. खाचांच्या वर."

त्याने ताट चाचपून पुढे ओढलं. मग म्हणाला, "त्या वेळी क्लेबेरला नुसतं कळलं जरी असतं ना, तरी त्याने एका झाडाला हात लावू दिला नसता. आडवा पडला असता."

"हो, पापा," अझेली म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.